माशाच्या पोटातील कृमी पाण्याविषयी काय सांगतात

धरणाच्या जलाशयातून आणलेला मासा साफ करताना पोटातून पांढरी, चपटी, वळवळणारी फीत बाहेर पडली, की तिचे मोबाईलवरचे चित्रण दिवसभरात गावभर फिरते आणि त्यापाठोपाठ तीन प्रश्न येतात. मासा सडका होता का? धरणाचे पाणी दूषित झाले आहे का? आणि हा मासा खाल्ल्यास आपल्याही पोटात तेच वाढेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ नकारार्थी आहे, कारण असे कृमी जिवंत, ताज्या माशातच राहतात आणि मासा मेल्यावर तेही मरू लागतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे सावधपणे द्यावे लागते. दुसरा प्रश्न मात्र सर्वांत रोचक आहे, कारण त्याचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट निघण्याची शक्यता बरीच असते. माशातील कृमींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गेली अनेक दशके दाखवून देत आहेत, की एका तळ्यातील माशांमध्ये कोणते कृमी आहेत, किती आहेत आणि कोणते नाहीत, यावरून त्या तळ्यात कोण कोणाला खातो हे बऱ्याच अंशी वाचता येते.

माशात राहणारे कृमी कोणते

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्या जिवावर जगणारा जीव, आणि ज्याच्यात तो राहतो तो त्याचा यजमान. गोड्या पाण्यातील माशांमध्ये आढळणारे परजीवी कृमी ढोबळमानाने पाच गटांतले असतात. पट्टकृमी लांब आणि चपटे असतात, त्यांना तोंड नसते आणि आतडेही नसते. माशाच्या आतड्यातील पचलेले अन्न ते स्वतःच्या त्वचेतून शोषून घेतात. पर्णकृमी पानासारखे चपटे असून आतडे, पित्ताशय, डोळा, त्वचा अशा अनेक ठिकाणी राहतात. गोलकृमी दोऱ्यासारखे असतात. कंटकशीर्ष कृमींच्या डोक्यावर आकड्यांची सोंड असते, ती आतड्याच्या भिंतीत रुतवून ते जागा धरतात. पट्टकृमींप्रमाणे त्यांनाही आतडे नसते. पाचवा गट कल्ल्यांवर आणि त्वचेवर चिकटणाऱ्या अगदी बारीक कृमींचा आहे. त्यांना आपण कल्लेकृमी म्हणू.

या पाच गटांतला एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचे बरेचसे विवेचन त्यावर उभे आहे. कल्लेकृमी एका माशावरून थेट दुसऱ्या माशावर जातात आणि त्यांना आयुष्यभर एकच यजमान पुरतो. उरलेल्या चार गटांतील बहुतेकांना आयुष्य पूर्ण करण्यासाठी दोन किंवा तीन निरनिराळ्या प्राण्यांतून जावे लागते.

एका कृमीला इतके यजमान का लागतात

लिग्युला नावाचा पट्टकृमी घ्या. जलाशयातील माशाच्या पोटातून निघालेली मोठी पांढरी फीत पुष्कळदा त्याची किंवा त्याच्या नात्यातल्या एखाद्या जातीची असते. त्याची अंडी पाण्यात पडतात, त्यांतून पोहणारी सूक्ष्म अळी निघते आणि सायक्लॉप्ससारखा एखादा इवला जलचर तिला गिळतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला सायक्लॉप्स अनोळखी नाही. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्याबरोबर तो पोटात गेला की नारू होत असे, आणि पाणी गाळून पिण्याची सवय व विहिरींची सुधारणा यांमुळे 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. लिग्युलाच्या बाबतीत मात्र सायक्लॉप्स माशाच्या पोटात जातो. तिथे अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येते आणि अनेक सेंटिमीटर लांब होईपर्यंत वाढत राहते. ती प्रौढ होते ती मासा खाणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात, आणि तिथे केवळ काही दिवसांत अंडी घालून तिचा कारभार आटोपतो.

पर्णकृमींना पहिला यजमान म्हणून गोगलगाय लागते. गोगलगायीच्या शरीरात एका अळीपासून हजारो अळ्या तयार होतात, आणि त्या पाण्यात बाहेर पडून माशाच्या त्वचेतून आत शिरतात. डिप्लोस्टोमम नावाच्या पर्णकृमीच्या अळ्या माशाच्या डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतात, कारण शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा तिथे फारशी पोहोचत नाही. अळ्यांची संख्या वाढली की माशाला मोतीबिंदू होतो, त्याला नीट दिसेनासे होते, आणि पक्ष्याला तो सहज सापडतो. कृमीला प्रौढ होण्यासाठी पक्ष्याच्या पोटातच जायचे असल्याने ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडते.

असा उपद्व्याप कंटकशीर्ष कृमीही करतात. युरोपातील नद्यांत राहणाऱ्या पोम्फोऱ्हिंकस या कृमीची अळी गॅमॅरस नावाच्या कोळंबीसारख्या लहान प्राण्यात वाढते. निरोगी गॅमॅरस उजेड टाळून दगडाखाली राहतो, पण अळी असलेला उजेडाकडे जाऊ लागतो, शिवाय त्याच्या अर्धपारदर्शक अंगातून अळीचा नारिंगी ठिपका बाहेरून दिसतो. असे गॅमॅरस मासे अधिक प्रमाणात टिपतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. अनेक यजमान लागणारा कृमी माशात सापडला, तर त्या पाण्यात त्याचे बाकीचे यजमानही आहेत, किंवा नुकतेच होते, हे निश्चित होते. गोगलगाय, सायक्लॉप्स, चिखलातले गांडूळवर्गीय ट्यूबिफेक्स, पाणकावळे यांपैकी एक जरी नाहीसा झाला, तरी त्यावर अवलंबून असणारा कृमी टिकत नाही.

खोली, चाळ आणि गाव

एखाद्या तळ्यातील कृमींविषयी बोलताना आपण नेमक्या कोणत्या पातळीवर बोलतो आहोत हे ठरवले नाही, तर गोंधळ होतो. यासाठी शास्त्रज्ञ तीन पातळ्या मानतात, आणि त्या चाळीच्या उदाहरणावरून चटकन समजतात. एका माशाच्या अंगातले सगळे कृमी म्हणजे चाळीतली एक खोली. त्या तळ्यातील एकाच जातीच्या सर्व माशांमधले सगळे कृमी म्हणजे संपूर्ण चाळ. त्या तळ्यातील सर्व जातींच्या माशांतले, पक्ष्यांतले, गोगलगायींतले आणि पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या अळ्या धरून सगळे कृमी म्हणजे आख्खे गाव. खोलीचे आयुष्य माशाच्या आयुष्याइतके, म्हणजे काही वर्षांचे असते. चाळ पिढ्यान्पिढ्या टिकते. गाव कसे आहे हे तळ्याचा इतिहास, पाण्याची खोली व तापमान आणि तिथे येणारे पक्षी ठरवतात.

या विभागणीचा उपयोग असा, की एका पातळीवरचे निरीक्षण दुसऱ्या पातळीला लावण्याची चूक टळते. एका मरळ माशाच्या पोटात पन्नास कृमी मिळाले म्हणून जलाशयातील सगळे मरळ कृमींनी भरले आहेत असे म्हणणे ही तशीच चूक आहे, आणि चित्रफितींवरच्या प्रतिक्रियांमध्ये ती सर्रास होते.

सरासरी इथे फसवते

समजा, पन्नास माशांत मिळून शंभर कृमी सापडले. सरासरी दर माशामागे दोन आली, पण प्रत्येक माशात दोन-दोन कृमी आहेत असे चित्र जवळजवळ कधीच दिसत नाही. तीसेक माशांत एकही कृमी नसेल, पंधरावीस माशांत एखाददुसरा असेल, आणि दोन-तीन माशांतच साठ-सत्तर कृमी असतील. मूठभर यजमानांकडे बहुसंख्य परजीवी असण्याचा हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे, की ब्रिटिश शास्त्रज्ञ क्रॉफ्टन यांनी 1971 साली परजीविता म्हणजे काय हे सांगताना त्याला व्याख्येतच स्थान दिले.

असे होण्यामागे अनेक कारणे एकत्र काम करतात. सगळे मासे सारखे खात नाहीत: एखादा मासा तळाशी चरतो, दुसरा वरच्या थरातले तरंगते जीव टिपतो. अळ्याही पाण्यात सारख्या पसरलेल्या नसतात, गोगलगायींच्या आसपास त्यांचे पुंजके असतात. काही माशांची प्रतिकारशक्ती जन्मतः चांगली असते. मोठा, वयस्कर मासा अधिक खातो आणि अधिक काळ जगलेला असतो, म्हणून त्याच्यात कृमी साचत जातात.

म्हणून अभ्यासक दोन आकडे वेगवेगळे देतात: तपासलेल्या माशांपैकी किती टक्के माशांत तो कृमी आहे, आणि ज्यांच्यात आहे त्यांच्यात सरासरी किती आहेत. पहिला आकडा प्रसार सांगतो, दुसरा भार. दोन्ही आकडे नसलेला अहवाल फारसा कामाचा नसतो, आणि पाच-सहा मासे कापून काढलेल्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये.

माशाच्या आतड्यात दाटी का नसते

इतके कृमी, इतके प्रकार, तर आतड्यात जागेसाठी मारामारी होत असेल असे वाटणे साहजिक आहे. 1986 साली केनेडी, बुश आणि अहो या तीन शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न विचारला: मासे आणि पक्षी यांच्या आतड्यांतील कृमींच्या वस्त्या इतक्या वेगळ्या का असतात? कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील 45 लेसर स्कॉप बदकांच्या आतड्यांत 52 जातींचे मिळून जवळजवळ दहा लाख कृमी सापडले होते. त्याच्या तुलनेत ब्रिटनच्या नद्यांतील ईल माशाच्या, म्हणजे आपल्याकडील अहीर माशाच्या युरोपीय भाऊबंदाच्या, एकेका आतड्यात दोन-तीनहून अधिक जाती क्वचितच मिळतात आणि कित्येक आतडी तर पूर्ण रिकामी असतात.

यामागची कारणे शरीररचनेत आणि सवयींत आहेत. पक्षी उष्ण रक्ताचा असतो, म्हणून तो भरपूर आणि सतत खातो. त्याचे आतडे अधिक गुंतागुंतीचे असते. तो एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि वाटेत निरनिराळे भक्ष्य गोळा करतो. मासा पाण्याच्या तापमानाला बांधलेला असतो, थंडीत त्याचे खाणे मंदावते आणि तो एका तळ्याबाहेर सहसा जात नाही. परिणामी माशाच्या आतड्यात कृमी येतात ते तुरळक, आणि एकमेकांची गाठ पडण्याआधीच त्यातले बरेचसे निघून जातात किंवा मरतात. चाळीच्या भाषेत सांगायचे तर बऱ्याचशा खोल्या रिकाम्या असताना भाडेकरूंमध्ये भांडण होण्याचे कारण उरत नाही.

अर्थात भांडण कधीच होत नाही असेही नाही. कंटकशीर्ष कृमींच्या दोन जाती एकाच ट्राउट माशात एकत्र सोडण्याचे प्रयोग 1990 च्या सुमारास ब्रिटनमध्ये झाले, आणि त्यांत पोम्फोऱ्हिंकसच्या उपस्थितीत दुसऱ्या जातीचे बस्तान नीट बसत नसल्याचे दिसले. पण नदीतील माशांमध्ये अशी गर्दी होण्याचे प्रसंग विरळ असतात. केनेडी यांनी 1990 मध्ये विचारलेला प्रश्न, की गोड्या पाण्यातील माशांचे कृमी-समुदाय नियमांनी घडतात की योगायोगाने जमतात, आजही पुरता सुटलेला नाही. तरी मला योगायोगाकडे, म्हणजे कोण कोणाच्या तोंडी सापडले याकडे, झुकणारे पुरावे अधिक भक्कम वाटतात.

पाण्यातच राहणारे आणि उडून जाणारे

मग शेजारच्या दोन तळ्यांतील माशांत कृमी सारखे असतात की वेगळे? याचे उत्तर कृमी प्रौढ कुठे होतो यावर ठरते. काही कृमी माशातच प्रौढ होतात आणि त्यांचे संपूर्ण जीवनचक्र पाण्यात घडते. ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाणार ते फक्त माशाबरोबर: पुराच्या पाण्यातून, कालव्यातून, किंवा माणसाने मत्स्यबीज सोडले तर. दुसऱ्या गटातील कृमी माशात केवळ वाढतात आणि पक्ष्यात किंवा सस्तन प्राण्यात प्रौढ होतात. त्यांची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून जिथे पडतील तिथे पोहोचतात, मग मध्ये डोंगर असो की जिल्ह्याची हद्द.

1988 साली ब्रिटनमधील माशांच्या कृमींची या दृष्टीने छाननी झाली, तेव्हा पक्ष्यांच्या गटातील कृमी अधिक दूरवर आणि अधिक सहज पसरलेले दिसले. त्याआधी 1958 मध्ये पोलंडमधील ड्रुझनो सरोवराचा अभ्यास करताना विश्निएव्स्की यांच्या लक्षात आले होते, की उथळ, पोषकद्रव्यांनी समृद्ध आणि पक्ष्यांनी गजबजलेल्या सरोवरात पक्ष्यांमध्ये प्रौढ होणाऱ्या कृमींचे वर्चस्व असते. उलट, खोल आणि स्वच्छ पाण्याच्या सरोवरात माशांतच प्रौढ होणाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

महाराष्ट्रातील धरणांचा विचार करताना हा मुद्दा विशेष लागू पडावा. पैठणचा नाथसागर किंवा भिगवणजवळील उजनीचा फुगवटा यांसारख्या विस्तीर्ण, कडेला उथळ असलेल्या जलाशयांवर पाणकावळे, बगळे, खंड्या आणि हिवाळ्यात स्थलांतर करून येणारे असंख्य पक्षी असतात. अशा पाण्यातील माशांच्या पोटाच्या पोकळीत पट्टकृमींच्या अळ्या किंवा त्वचेवर पर्णकृमींच्या अळ्यांभोवती तयार झालेले काळे ठिपके दिसले, तर त्यात नवल नाही. तो पक्ष्यांच्या वर्दळीचा परिणाम असतो.

स्लॅप्टन लीची एकतीस वर्षे

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात समुद्रकिनाऱ्यालगत स्लॅप्टन ली नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. तिथे लिग्युला हा पट्टकृमी आणि रोच नावाचा मासा यांच्यातील चढउतार केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 31 वर्षे नोंदवले आणि 2001 साली प्रसिद्ध केले. कृमींच्या अभ्यासात इतका दीर्घ सलग काळ फार थोड्या ठिकाणी मिळतो, म्हणून हे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे.

सरोवरात रोचची संख्या बेसुमार वाढली होती. दाटीमुळे माशांची वाढ खुंटली होती आणि खुजे राहिलेले मासे मोठेपणीही सायक्लॉप्ससारख्या तरंगत्या जिवांवरच जगत होते. 1970 च्या दशकात टिबुकलीच्या कुळातला तुरेवाला मोठा ग्रीब पक्षी तिथे घरटी करू लागला आणि लिग्युलाही दिसू लागला. तरंगते जीव खाणाऱ्या माशांची रेलचेल असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. लिग्युलाची अळी माशाच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते आणि माशाची बीजकोश-अंडकोशांची वाढ थांबवते, त्यामुळे बाधित मासा प्रजनन करू शकत नाही. बाधित मासे मरत गेले, काही पक्ष्यांनी खाल्ले, आणि रोचची संख्या घसरली. मग उरलेल्या माशांना भरपूर अन्न मिळाले, ते भराभर वाढले, मोठे झाल्यावर तरंगते जीव सोडून इतर अन्नाकडे वळले, आणि लिग्युलाला नवे यजमान मिळेनासे झाले. कृमी ओसरले. काही वर्षांत रोच पुन्हा वाढले, दाटी झाली, मासे खुजे झाले, आणि कृमी परतले. 31 वर्षांत हे चक्र तीनदा फिरले.

या उदाहरणात कृमी कमी होण्यासाठी कोणी औषध टाकले नाही आणि वाढण्यासाठी पाणी घाण व्हावे लागले नाही. माशांची संख्या, त्यांच्या वाढीचा वेग आणि पक्ष्यांची ये-जा एवढ्यांनीच सारे घडले. कोणत्याही जलाशयात एका वर्षी कृमी दिसले आणि पुढच्या काही वर्षांत दिसले नाहीत, तर त्यावरून पाणी बिघडले किंवा सुधारले असा निष्कर्ष काढण्याआधी ही गोष्ट आठवावी.

'पण कृमी म्हणजे प्रदूषणच ना?'

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो. प्रदूषणाचा कृमींवर परिणाम होतोच, पण तो एकाच दिशेने होत नाही. सांडपाण्यामुळे पोषकद्रव्ये वाढली की शेवाळ, गोगलगायी आणि ट्यूबिफेक्स वाढतात आणि त्यांच्यातून जाणारे काही कृमी काही काळ फोफावतात. कारखान्यांतील धातू किंवा विषारी रसायने पाण्यात मिसळली, तर गोगलगायी आणि सायक्लॉप्स मरतात, मोकळ्या पोहणाऱ्या नाजूक अळ्याही तग धरत नाहीत, आणि अनेक यजमान लागणारे कृमी दिसेनासे होतात. त्याच वेळी माशाची प्रतिकारशक्ती खालावल्यामुळे एकाच यजमानावर जगणारे कल्लेकृमी वाढू शकतात. त्यामुळे कल्ल्यांवर कृमींची गर्दी आणि आतडी मात्र रिकामी, असे मासे मोठ्या संख्येने सापडले तर खरी चिंता करावी. विविध जातींचे थोडेथोडे कृमी असलेल्या माशामागे बहुधा धडधाकट अन्नसाखळी असते. 2006 साली हडसन, डॉबसन आणि लॅफर्टी यांनी परजीवींनी समृद्ध परिसंस्था हीच निरोगी परिसंस्था का, असा प्रश्न शास्त्रीय नियतकालिकात मांडला, तो याच कारणासाठी.

कृमी आणि प्रदूषण यांचा आणखी एक, काहीसा चमत्कारिक संबंध आहे. जर्मनीतील चब नावाच्या माशांत राहणाऱ्या पोम्फोऱ्हिंकसमध्ये शिशाचे प्रमाण माशाच्या मांसापेक्षा 2,700 पट आणि नदीच्या पाण्यापेक्षा 11,000 पट असल्याचे सुरेस आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवले. आतडे नसलेला हा कृमी सर्वांगाने शोषण करतो आणि माशाच्या पित्तातून आतड्यात आलेले शिसे स्वतःमध्ये साठवतो. पाण्यात शिसे इतके कमी असेल की उपकरणाला जेमतेम सापडावे, तेव्हाही कृमीच्या अंगात ते स्पष्ट मोजता येते.

'म्हणजे कृमी चांगलेच म्हणायचे का?'

तसे म्हणणे चुकीचे ठरेल. एखाद्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेले कृमी आणि बाहेरून आणून सोडलेले कृमी यांत फार मोठे अंतर आहे. 1970 च्या दशकात जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा कल्लेकृमींच्या गटातला बारीक त्वचाकृमी बाल्टिक भागातील माशांबरोबर नॉर्वेत पोहोचला. बाल्टिक सॅमन त्याला बऱ्यापैकी तोंड देऊ शकतात, पण नॉर्वेतील अटलांटिक सॅमनची पिल्ले त्याला सरावलेली नव्हती. सुमारे 50 नद्यांमध्ये हा कृमी पसरला, सॅमनची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली, आणि अखेर अनेक नद्यांत रोटेनोन हे विष टाकून कृमीबरोबर तिथले सर्व मासे मारून नव्याने सुरुवात करण्याचा अघोरी उपाय करावा लागला. या कृमीचे पुनरुत्पादनही अचाट आहे: तो अंडी न घालता पिल्लाला जन्म देतो, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच तयार असते.

जपानी ईलच्या वाताशयात, म्हणजे तरंगण्यासाठी असलेल्या हवेच्या पिशवीत, राहणारा अँग्विलिकोला क्रॅसस हा गोलकृमी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात आला आणि तिथल्या ईलना जड गेला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण आशियाई पट्टकृमीचे आहे. पूर्व आशियातून गवत्या माशाच्या बीजाबरोबर तो जगभर पसरला आणि 300 हून अधिक जातींच्या माशांत आढळला आहे. यजमानाच्या निवडीबाबत तो मुळीच चोखंदळ नाही, आणि सायक्लॉप्स तर सगळीकडेच आहेत.

मत्स्यशेतीच्या तळ्यांना वेगळा न्याय लावावा लागतो. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या संगोपन तळ्यांत हजारो पिल्ले दाटीने ठेवलेली असतात आणि अन्नसाखळी आखूड असते. तिथे एका माशावरून थेट दुसऱ्यावर जाणाऱ्या कल्लेकृमींना रान मोकळे मिळते. अशा ठिकाणी बीज विकत घेताना तपासणे, दाटी कमी ठेवणे आणि जाणकाराच्या सल्ल्याने औषध देणे योग्यच आहे. नैसर्गिक नदीत किंवा जलाशयात मात्र औषधाने कृमी संपवण्याची कल्पना व्यवहार्य नाही आणि शहाणपणाचीही नाही.

मासा खावा की नाही

माशांतील बहुतेक कृमी माणसात वाढू शकत नाहीत. लिग्युला माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी आहे. नीट शिजवल्यावर तो पोटात गेला तरी त्याचे काही चालत नाही. आपल्याकडे माशाचे कालवण उकळी येईपर्यंत शिजते आणि तळलेली तुकडी आतपर्यंत तळली जाते, म्हणून धोका अत्यल्प असतो. अपवाद कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशाचा आहे, आणि तो गंभीर आहे. थायलंड आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातील कच्चा मासा खाण्याच्या प्रथेमुळे ओपिस्थॉर्किस नावाचा यकृतातील पर्णकृमी लाखो लोकांना झाला, आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे त्याची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत होते. कच्चा मासा खायचाच असेल, तर तो उणे 20 अंश सेल्सियसला किमान सात दिवस गोठवलेला असावा लागतो. घरातील फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ते तापमान टिकेलच असे नाही. मासा कापलेली पाटी आणि सुरी स्वच्छ धुणे हेही तितकेच आवश्यक आहे.

आपल्याकडील नोंदींची अडचण

महाराष्ट्रात माशांच्या कृमींवर कामच झालेले नाही असे कोणी म्हणू नये. मराठवाड्यातील प्राणिशास्त्र विभागांनी कित्येक दशके मांगूर, वाम आणि मरळ यांच्या आतड्यांतील पट्टकृमी गोळा केले. अडचण वेगळी आहे. मांगुरातील लायटोसेस्टस या पट्टकृमींच्या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, नळदुर्ग, चाळीसगाव आणि मराठवाडा यांची नावे धारण करणाऱ्या जातींसह डझनावारी नव्या जाती जाहीर झाल्या. 2011 साली भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी भारत, इंडोनेशिया आणि थायलंडमधील मांगुराचे ताजे नमुने घेऊन रचना व जनुके दोन्ही तपासली, तेव्हा त्या माशातील या गटाच्या पट्टकृमींच्या अवघ्या आठ जाती ग्राह्य ठरल्या. बाकीची नावे आकुंचन पावलेल्या, नीट न जपलेल्या नमुन्यांतील किरकोळ फरकांवर उभी होती.

नव्या जातीला नाव दिल्याने शोधनिबंध होतो, पण वस्तीचा अभ्यास होत नाही. नाथसागरातील शंभर मरळांपैकी किती माशांत कोणता कृमी होता, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्यात काय फरक पडला, धरण रिकामे झाले त्या वर्षी काय झाले, चिलापी वाढल्यावर मांगुरातील कृमी कमी झाले का, यांसारखे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. चिलापी हा बाहेरच्या देशातून आलेला मासा असल्याने त्याचा प्रश्न तर खास महत्त्वाचा आहे. परक्या मुलखात स्थिरावलेल्या 26 प्राण्यांचा आढावा 2003 मध्ये घेतला गेला, तेव्हा मायदेशी सरासरी 16 जातींचे परजीवी असणाऱ्या या प्राण्यांत नव्या जागी सातच आढळले, आणि त्यांतलेही चार तिथे नव्याने जडलेले होते. परजीवींचे ओझे मागे टाकून आलेला मासा स्थानिक माशांपेक्षा जोमाने वाढण्याचे हे एक कारण असू शकते, आणि आपल्या जलाशयांत ते खरे आहे का हे तपासण्यासाठी फार खर्चिक उपकरणे लागत नाहीत. मासळी उतरवण्याच्या ठिकाणी बसून एका जातीचे निदान तीस-चाळीस मासे दर महिन्याला उघडायचे, प्रत्येकाची लांबी, वजन, लिंग आणि पकडल्याची जागा लिहायची, कृमी जिवंत असतानाच गरम मिठाच्या पाण्यात टाकून ताणलेल्या स्थितीत जपायचे, आणि ज्या माशात काहीच सापडले नाही त्याचीही ओळ वहीत लिहायची, कारण ती ओळ नसेल तर प्रसाराचा टक्का काढताच येत नाही.